सुबारू ३६० सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जपानमधल्या गुन्मा प्रांतात राहतो. माझ्याकडे १९६२ ची सुबारू ३६० आहे. आठ वर्षांपूर्वी एका शेतकरी आजोबांच्या शेडमधून, भाताच्या तुसाखालून ती बाहेर काढली. तेव्हापासून इथले मराठी मित्र, पुण्यातले चुलतभाऊ आणि फोटो पाहून फोन करणारे अनोळखी लोक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप. ज्यांनी अशी गाडी घेतली आहे किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांनी पेट्रोल, घाट आणि गंज यांची उत्तरं सावकाश वाचावीत. बाकीचं चाळलं तरी चालेल.

ही नेमकी कोणती गाडी?

फुजी हेवी इंडस्ट्रीज या कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेली चार माणसांची छोटी मोटार. लांबी ३ मीटरला १ सेंटिमीटर कमी, रुंदी १.३ मीटर, पहिल्या मॉडेलचं वजन ३८५ किलो. इंजिन मागे, आडवं बसवलेलं: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३५६ सीसी, हवेने थंड होणारं. सुरुवातीला १६ अश्वशक्ती आणि ताशी ८३ किलोमीटरचा कमाल वेग. किंमत होती ४,२५,००० येन. १९७१ पर्यंत मिळून सुमारे ३,९२,००० गाड्या तयार झाल्या. तिच्या गोलमटोल पाठीमुळे जपानी लोक तिला 'तेंतोमुशी' म्हणतात. तेंतोमुशी म्हणजे आपल्या बागेत पानांवर फिरणारा तो ठिपक्यांचा लाल भुंगेरा.

३६० हा आकडा कुठून आला?

कायद्यातून. युद्धानंतर जपान सरकारने 'केई' म्हणजे हलक्या मोटारींचा एक वेगळा वर्ग आखला. कर कमी, कटकटी कमी, बदल्यात गाडीचा आकार आणि इंजिन मर्यादित. पन्नाशीच्या दशकात ही मर्यादा ३६० सीसीवर स्थिरावली आणि १९७६ मध्ये ५५० सीसी होईपर्यंत तशीच राहिली. या वर्गासाठी वेगळं लायसन्सही होतं. ते सोळाव्या वर्षी मिळायचं, १९६८ मध्ये बंद झालं. इथले सत्तरी ओलांडलेले कितीतरी लोक माझी गाडी पाहून थांबतात आणि सांगतात, "मी हिच्यावरच शिकलो." सिग्नलला उभं असताना कुणी काच खाली करून बोलू लागलं की समजायचं, यांच्या घरी एके काळी तेंतोमुशी होती.

सुबारू म्हणजे काय?

कृत्तिका. आकाशातला तोच पुंजका, जो आपण कार्तिकात संध्याकाळी पूर्वेला पाहतो. पाच कंपन्या एकत्र येऊन एक मोठी कंपनी झाली, म्हणून बोधचिन्हात सहा तारे. आपल्याकडे कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिकाही सहाच. बोनेटवरचं चिन्ह पाहून माझ्या आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "या गाडीवर कृत्तिका कशा आल्या?" तोपर्यंत मी ते चिन्ह नुसतं चिन्ह म्हणून पाहत होतो. माझ्यासाठी या गाडीशी नातं तिथून सुरू झालं.

चार माणसांची गाडी ३८५ किलोत कशी बसवली?

ही कंपनी नाकाजिमा या विमान कंपनीच्या अवशेषांतून उभी राहिली. ३६० चे मुख्य अभियंता शिनरोकू मोमोसे यांनी उमेदवारीची वर्षं विमानांच्या इंजिनांवर घालवली होती. विमानाच्या माणसाला एकेक ग्रॅमचा हिशेब असतो. त्यांनी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा भार पेलणारा सांगाडा, ठेवलाच नाही, सगळं वजन पत्र्याच्या कवचावर टाकलं. पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा. इतका पातळ पत्रा सपाट ठेवला तर थरथरतो, म्हणून सगळीकडे बाक दिला. अंड्याचं कवच जसं आकारामुळे टिकतं, तसंच. गाडीची गोलाई शोभेची नाही, तीच तिचा कणा आहे. छत फायबरग्लासचं केलं. त्यामुळे वजन वाचलं आणि गुरुत्वमध्यही खाली आला. चाकंही मुद्दाम १० इंचांची घेतली, नाहीतर आत माणसांचे पाय मावले नसते.

हे सगळं लक्षात ठेवा, कारण देखभालीतला प्रत्येक प्रश्न फिरून या हलकेपणापाशीच येतो. या गाडीवर काही जड लावायचं नाही, काही जोरात आवळायचं नाही आणि पत्र्याला गृहीत धरायचं नाही.

विकत घेताना पहिलं काय पाहावं?

गंज. इंजिन दुसरं मिळतं, काचा मिळतात, सीटची कव्हरं कुणीही शिवून देतो. ०.६ मिलिमीटरचा पत्रा गंजला की मात्र उरतं काय? आणि इथे पत्रा म्हणजेच चॅसी. फ्लोअर कुजला तर ते नुसतं भोक नसतं, गाडीची पाठ मोडलेली असते.

सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि अंगाला चिखल लागला तरी चालेल असे कपडे घेऊन जा. गाडीखाली झोपा. मॅट उचलून फ्लोअर बघा. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि समोरच्या काचेचा खालचा काठ यांवरून चुंबक फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. आपल्याकडचे डेंटिंगवाले पुट्टीला लांबी म्हणतात, तीच. छताला मात्र चुंबक चिकटणार नाही, तिथे घाबरू नका. एक ओळखीचे गृहस्थ त्याच कारणाने एक उत्तम गाडी सोडून आले होते. छत गंजत नाही, पण छत आणि पत्रा यांच्या सांध्यातलं रबर वाळलं असेल तर पाणी आत झिरपतं आणि फ्लोअर खातं. म्हणून फ्लोअर ओला दिसला की वर बघा.

त्यानंतर दारं. ती मागे बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी आहेत. दार उघडून हलकेच वर उचला. खडखड हललं तर बिजागरीचा खांब कमजोर झालेला आहे. हे काम महागात जातं.

सगळ्यात शेवटी इंजिन. ते फिरतं एवढं कळलं तरी पुरे. पूर्ण जाम असेल तर किंमत कमी करा, पण तेवढ्यासाठी चांगलं अंग असलेली गाडी सोडू नका.

कागदपत्रांचं काय?

इथे फार लोक फसतात. जपानमध्ये केई गाड्यांना सक्तीची तपासणी १९७३ मध्ये लागू झाली. त्याआधीच शेडमध्ये जाऊन बसलेल्या कितीतरी गाड्यांचे आज कुठलेच कागद नाहीत. अशा गाड्या स्वस्त मिळतात आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणताना चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो. पहिलीच गाडी असेल तर कागद असलेलीच घ्या. कागद नसलेली गाडी दुसरी म्हणून, पार्टसाठी, घ्यायला हरकत नाही.

एक जमेची बाजू सांगतो: ३६० सीसीच्या गाड्यांना जुन्या पद्धतीची छोटी नंबर प्लेट असते, पांढऱ्यावर हिरवे आकडे. १९७५ नंतरच्या केई गाड्यांना पिवळी मोठी पाटी आली. त्या छोट्या पाटीसाठी जीव टाकणारे लोक आहेत आणि त्यांत मीही आहे.

कुठल्या वर्षाची घ्यावी?

रोज ना रोज चालवायची असेल तर १९६४ नंतरची. त्या वर्षी 'सुबारूमॅटिक' आलं. तेल वेगळ्या टाकीत भरायचं आणि पंप ते पेट्रोलमध्ये आपोआप मिसळतो. १९५८-५९ च्या गाड्यांचे हेडलाइट डोळे बाहेर आलेल्या गोल्डफिशसारखे आहेत म्हणून त्यांना 'देमेकिन' म्हणतात. त्यांची किंमत संग्राहकांनी फार वर नेली आहे. १९६८ ची यंग एसएस ३५६ सीसीतून ३६ अश्वशक्ती काढते, म्हणजे लिटरला शंभर. ऐकायला छान, पण ते इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर जगतं आणि तुम्हालाही तसंच जगायला लावतं. माझी १९६२ ची आहे, तेल हाताने मिसळावं लागतं. मला ते आवडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तरीही १९६५-६६ ची साधी गाडी घ्यायला सांगेन.

पेट्रोलमध्ये तेल कसं मिसळायचं?

बजाज चेतक किंवा प्रिया ज्यांच्या घरी होती, त्यांना हे शिकवावं लागत नाही. पंपावर "दोन लिटर, टू-टी टाकून" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलंय. तत्त्व तेच. या इंजिनाला ऑइल सम्प, म्हणजे खाली तेल साठवणारं भांडं, नाही. पेट्रोलसोबत आत जाणारं तेलच क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांना मिळतं आणि जळून जातं.

माझ्या गाडीत टाकी मागे इंजिनाशेजारी आहे आणि टाकीचं झाकण हेच तेलाचं माप आहे. प्रमाण तुमच्या मॉडेलच्या मूळ पुस्तिकेत दिलंय तेच ठेवा. "थोडं जास्त टाकलं तर बरंच" हा समज चुकीचा आहे. तेल वाढलं की त्या थेंबात पेट्रोल तेवढं कमी, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय प्लग काळे होतात, सायलेन्सर चोंदतो. मी घरी कॅनमध्ये तेल आणि पेट्रोल मोजून, हलवून मगच टाकीत ओततो. पंपावर थेट टाकीत भरावं लागलं तर आधी तेल, मग पेट्रोल, म्हणजे धारेने ढवळलं जातं. मग मागचा बंपर धरून गाडी दोनदा झुलवायची. इतकी हलकी गाडी, दोन बोटांनी झुलते.

तेल घेताना डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असं लिहिलेलं, कमी धुराचं टू-स्ट्रोक तेल घ्या. चार-स्ट्रोकचं इंजिन ऑइल अजिबात नको, ते जळण्यासाठी बनलेलंच नसतं.

शिसं नसलेलं पेट्रोल चालतं का?

चालतं. शिशाचा प्रश्न वाल्व्हच्या बैठकीचा असतो आणि या इंजिनात वाल्व्हच नाहीत. साधं रेग्युलर पेट्रोल पुरे.

थंडीत सुरू कशी करायची?

पेट्रोलचा कॉक उघडा. चोक पूर्ण ओढा. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवू नका. स्टार्टर दोन-तीन सेकंद, थांबा, पुन्हा. पेटली की चोक अर्धा, मिनिटभराने बंद. जागेवर उभी करून गरम करत बसू नका, हळू चालवत गरम करा.

आणि घरी आल्यावर कॉक बंद करायची सवय लावून घ्या. कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई जरा झिजली की उघड्या कॉकमधून पेट्रोल रात्रभर ठिबकतं आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, साठतं. सकाळी गाडी सुरू होत नाही आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो.

घाटात चालते का?

चढते, आणि छान चढते. गाडी तयार होत असताना चार माणसं बसवून अकागी पर्वताच्या रस्त्यावर तिची परीक्षा घेतली होती. मी त्याच अकागीच्या पायथ्याशी राहतो. चढताना दुसरा गिअर, एक लय, मागून येणाऱ्याला वाट देत जायचं. तिच्याकडून वेगाची अपेक्षा न ठेवता वर जाणं हा मोठा आनंद आहे.

खरी परीक्षा उतारावर असते आणि हे मी मार खाऊन शिकलो. गाडी घेतली त्या वर्षी शरद ऋतूत अकागीवरच्या सरोवरापर्यंत गेलो. येताना, ताम्हिणीत किंवा वरंध्यात उतरताना जशी सवय लागलेली असते तसं, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनाच्या ब्रेकवर उतरत होतो. पंधराएक मिनिटांनी आवाज बदलला, जरा सुका, कोरडा झाला. मला कळेपर्यंत मागची चाकं क्षणभर धरली गेली आणि गाडी तिरकी झाली. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

कारण अगदी साधं आहे. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंद, आणि या इंजिनात पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. चाकं मात्र गाडीच्या वजनाने इंजिनाला जोरात फिरवत राहतात. म्हणजे सगळ्यात जास्त फेऱ्या असतात नेमक्या तेव्हाच तेल सगळ्यात कमी. चार-स्ट्रोकवाल्या माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. चेतकवर कात्रजचा घाट उतरलेले जुने लोक मधूनमधून रेस का देत असत, ते मला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून उमगलं.

तासाभराने इंजिन थंड झालं, सुटलं, हळूहळू घरीही आणलं. पण सिलिंडरवर ओरखडे पडले होते. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवावे लागले. तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा: लांब उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून हलकी रेस द्यायची, म्हणजे तेल मिळतं. वेग मुळातच कमी ठेवायचा. ड्रम ब्रेक लहान आहेत, ते तापू नयेत म्हणून दर दोन-तीन किलोमीटरवर कडेला थांबायचं. अकागीवर थांबायला जागा भरपूर आहेत आणि प्रत्येक जागेवरून खालचं कांतो मैदान दिसतं. सुबारूमॅटिकच्या गाड्यांत पंप फेऱ्यांप्रमाणेही तेल देतो, म्हणून धोका कमी, तरी सवय हीच असू द्या.

उन्हाळ्यात इंजिन तापतं का?

रेडिएटर नाही, त्यामुळे पाणी उकळण्याचा प्रश्न नाही. पंखा हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडांवरून, जाते. हे आवरण पूर्ण असायला हवं. एखादा स्क्रू, एखादी रबरी पट्टी, एखादा पत्र्याचा तुकडा "काय फरक पडतो" म्हणून काढून टाकलेला असतो आणि मग एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो. फिन्समध्ये तेलाने चिकटलेली धूळ वर्षातून एकदा ब्रशने काढा. मागच्या फेंडरवरच्या हवेच्या झडपांना जाळी लावू नका, स्टिकरही नको.

नियमित देखभाल काय?

प्लग दर ५०० किलोमीटरला काढून बघतो. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. ओला काळा असेल तर तेल जास्त किंवा चोक अडकलेला. पांढरट असेल तर थांबा, कुठूनतरी जास्तीची हवा आत येते आहे. बहुतेक वेळा क्रँकचं ऑइल सील कडक झालेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावीच लागते, कारण मिश्रण आधी तिथेच दाबलं जातं. सीलमधून हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाची पुढची पायरी म्हणजे जाम पिस्टन. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं: गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि मागून पांढऱ्या धुराचा ढग येतो. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी घेतली असेल तर ही सील डोळे मिटून बदला.

इग्निशनचे पॉइंट साफ ठेवा, कंडेन्सर एक जादा जवळ असू द्या. पुढच्या चाकांच्या जोडांना ग्रीस पुरेसं द्या, ग्रीस स्वस्त आहे आणि जोड महाग. टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळल्या जाणाऱ्या सळ्या, वयोमानाने खाली बसतात. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर बार काढून खाचा एक घर पुढे बसवता येतात. हे काम मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या, त्या बारमध्ये ताण असतो.

सायलेन्सरमधला कार्बन दर दोन वर्षांनी काढावा लागतो. गाडीत दम राहिला नाही, अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांच्या इंजिनात काही बिघाड नसतो, सायलेन्सर चोंदलेला असतो.

टायर मिळतात का?

१० इंची टायर मिळतात, पण निवडक. रिम दोन भागांची, नट-बोल्टने जोडलेली असते, आत ट्यूब. चेतकचं चाक ज्यांनी खोललंय त्यांना नियम ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो: हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमचे बोल्ट सैल करायचे नाहीत. भरलेल्या ट्यूबवर बोल्ट काढला तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. आणि चेतकचा टायरही १० इंचीच असला तरी तो इथे बसवू नका, ३.५० इंच रुंदीचा टायर मोटारीसाठी नाही.

ब्रेक पुरेसे आहेत का?

गाडीच्या वजनाला पुरेसे, आजच्या रहदारीला नाहीत. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. जुन्या मॉडेलात सर्किट एकच आहे, एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. म्हणून रबरी नळ्या आणि व्हील सिलिंडरचे कप दर तपासणीला बदलून टाकतो. यात काटकसर करायची नाही.

पार्ट कुठून आणता?

कंपनीकडून फार काही मिळत नाही. मालक मंडळींच्या गटांनी दारांची रबरं, सील, ब्रेकचे कप पुन्हा बनवून घेतले आहेत. १९६१ ला आलेल्या सांबार या छोट्या ट्रकमध्ये हेच इंजिन होतं, त्यामुळे कोपऱ्यात पडलेला जुना सांबार दिसला की नजर ठेवावी. जे मिळत नाही ते लेथवाल्याकडून करून घ्यावं लागतं. माझ्या गिअर लिव्हरच्या बुशा एका पंचाहत्तर वर्षांच्या लेथवाल्या काकांनी पितळेच्या करून दिल्या. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "आधी एक चक्कर मारून आणा."

पातळ पत्र्याचं वेल्डिंग करणारा माणूस सापडला तर त्याला जपा. जाड कामाची सवय असलेला कारागीर ०.६ च्या पत्र्याला आर्क लावतो आणि एका भोकाची पाच भोकं होतात. थोडं टेकायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, मग पुढचा ठिपका. हा धीर कारागिरात असावा लागतो.

जपानमध्ये तपासणी पास होते का? खर्च किती?

होते. 'शाकेन' दर दोन वर्षांनी. केई गाड्यांची वेगळी तपासणी केंद्रं आहेत, तिथे मी स्वतःच गाडी घेऊन जातो. ब्रेक, हेडलाइट, चाकांचा कल, स्पीडोमीटर, धूर हे बघतात. धुराची मर्यादा टू-स्ट्रोकसाठी वेगळी आहे. हेडलाइट मंद पडतात म्हणून आदल्या दिवशी अर्थिंगच्या जागा घासून घ्या.

पालिकेचा वार्षिक कर १३ वर्षांवरच्या केईसाठी १२,९०० येन, दोन वर्षांचा वजनकर १८ वर्षांवरच्या गाडीला ८,८०० येन आणि वर सक्तीचा विमा. जुन्या गाडीला नव्या गाडीपेक्षा कर जास्त, हे मला अजूनही पटत नाही. एक वस्तू साठ वर्षं टिकवली तर त्याबद्दल दंड कशाला?

हायवेवर न्यावी का?

कायद्याने नेता येते. मी नेत नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी अर्धा हात सरकते. आमच्याकडे हिवाळ्यात अकागीवरून कोरडा वारा सुटतो, त्या दिवसांत तर पुलांवर स्टिअरिंग घट्ट धरून बसावं लागतं. शेतांमधले जुने रस्ते हिच्यासाठीच आहेत.

मुलांना बसवता का?

नाही. माझ्या गाडीला पट्टे नाहीत, दारं पुढून उघडणारी. मुलं माझ्या शेडमध्ये बसून हवं तेवढं स्टिअरिंग फिरवतात.

हिवाळ्यात उभी ठेवताना?

डोंगरी रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते या पत्र्याला विष आहे. म्हणून डिसेंबरपासून मार्चपर्यंत गाडी आत. कार्बोरेटर रिकामा करायचा, कारण पेट्रोल उडून गेलं की मागे राहिलेलं तेल जेटमध्ये चिकट होऊन बसतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल, मग हाताने इंजिन दोनदा फिरवायचं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. चाकाला लाकडी ठोकळा लावा.

अमेरिकेत हिची बदनामी झाली होती म्हणतात?

१९६८ मध्ये अमेरिकी उद्योजक माल्कम ब्रिकलिन यांनी ही गाडी अमेरिकेत विकायला नेली, किंमत १,२९७ डॉलर. वजन १,००० पौंडांखाली असल्याने तिला तिथले सुरक्षेचे नियम लागत नव्हते. १९६९ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने तिला 'अस्वीकारार्ह' ठरवलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथल्या दोन टनांच्या गाड्यांच्या गर्दीत ती असुरक्षितच होती. चूक गाडीची नाही, तिला जिथे नेलं त्या रस्त्यांची होती. ती जपानच्या अरुंद गल्ल्यांसाठी आणि पहिल्यांदाच चारचाकी घेणाऱ्या घरासाठी बनली होती.

हिच्याऐवजी दुसरी कुठली घ्यावी?

टू-स्ट्रोक नको असेल तर माझदाची आर ३६० कूपे बघा, पण मागची सीट नावापुरती. चालवायला सोपी हवी असेल तर १९६७ ची होंडा एन ३६०, ३१ अश्वशक्तीची. सुझुकीची सुझुलाइट १९५५ ची, या सगळ्यांच्या आधीची. आपल्या मारुती ८०० चं कूळ शोधत मागे गेलात तर याच घराण्यात पोचता, म्हणून मराठी माणसाला तीही जवळची वाटेल. मिळणं मात्र फार कठीण.

भारतात आणता येईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. स्टिअरिंग उजवीकडेच आहे, ती अडचण नाही. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आयातीचे नियम आणि सीमाशुल्क बदलत असतात, जहाजात चढवण्याआधी कस्टम एजंटकडून सगळं लेखी घ्या.

तिथे आणलीत तर दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, पेट्रोलमधलं इथेनॉल. ते जुनी रबरं फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. तेल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका, नळ्या नव्या घाला. दोन, पाऊस. कोकणात ही गाडी ठेवायची तर बंद, कोरडी खोलीच लागेल.

कारागिरांची मात्र चिंता नको. जपानमधल्या तरुण मेकॅनिकला पॉइंट, प्लग आणि मिश्रणाचं तेल समजावून सांगावं लागतं. पुण्यात, कोल्हापुरात स्कूटर आणि राजदूतवर आयुष्य काढलेला साठीचा मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगेल. मी माझ्या इंजिनाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पुण्याला पाठवला होता. ज्यांनी माझ्या वडिलांची चेतक वीस वर्षं सांभाळली, त्या मिस्त्रीकाकांनी तो ऐकला आणि म्हणाले, "डावा सिलिंडर सुका चाललाय, सील बघ." बघितलं. सीलच होतं.

विकणार का?

नाही. बघायला यायचं असेल तर एप्रिल ते नोव्हेंबर, कुठल्याही रविवारी सकाळी या. अकागीच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन येऊ.